अनुबिसला ‘कुत्रा’ म्हणण्याआधी

प्राचीन इजिप्तबद्दल आपल्या कॉलेजात साधारण दोन मतं ऐकू येतात. पहिलं जुनं आहे: ‘ते लोक जनावरांची पूजा करायचे, अडाणी होते बिचारे.’ दुसरं रील्स बघून तयार झालेलं आहे: ‘ते लोक मांजरांना देव मानायचे, किती क्यूट ना!’ पहिल्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात कौतुक. पण मला विचाराल तर दोन्ही मतं एकाच आळसातून येतात. दोघांनीही चित्र बघितलंय, वाचलेलं नाही.

मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, पुरातत्त्वाची नाही. तरीही या विषयावर लिहायचं धाडस करते, कारण इजिप्तच्या थडग्यांमधले प्राणी हा मुळात वाचनाचाच प्रश्न आहे असं मला वाटतं. कवितेत ‘सिंह’ आला की वर्गात आपण लगेच विचारतो, इथे सिंह कशासाठी आलाय? मग तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं शवपेटीवर कोल्हा काढला, तर तोच प्रश्न विचारायचा सोडून आपण हसतो का?

सुरुवात कोल्ह्यापासूनच करू. १९२२ साली हॉवर्ड कार्टरनं तुतनखामुनचं थडगं शोधून काढलं. त्यातल्या खजिन्याच्या खोलीच्या दाराशी एक लाकडी कोल्हा सोन्यानं मढवलेल्या पेटीवर बसवलेला होता. रंग काळा, कानांना सोनं, नखं चांदीची आणि अंगावर लिननचं कापड पांघरलेलं. हाच अनुबिस, मृतांचं रक्षण करणारा आणि शव टिकवण्याच्या विधीचा देव.

आता कोल्हाच का? अभ्यासकांनी दिलेलं उत्तर अगदी व्यवहारातलं आहे. फार जुन्या काळी इजिप्तमध्ये वाळवंटाच्या कडेला वाळूत उथळ खड्डा करून माणूस पुरत. तिथे रात्री कोल्हे-कुत्रे फिरत, वाळू उकरत. आपल्या माणसाचं शरीर जनावरं ओढून नेतील, ही त्या लोकांची खरीखुरी भीती होती. मग त्यांनी ज्याची भीती होती त्यालाच राखणदार केलं. आपल्याकडे ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण मूर्खपणासाठी वापरतात. इजिप्तच्या लोकांनी मात्र जाणूनबुजून किल्ल्या चोराच्या हातात दिल्या. ‘थडग्याची वाट तुलाच सगळ्यात चांगली ठाऊक, तर आता तूच पहारा कर.’ मला यात अडाणीपणा दिसत नाही. भीतीशी बोलायची ही एक रीत आहे.

रंगाचंही तसंच. तिथला कोल्हा काळा नसतो, वाळूसारखा पिवळट करडा असतो. (२०१५ साली जनुकीय अभ्यासातून असंही पुढे आलं की ज्याला आपण आफ्रिकेतला सोनेरी कोल्हा म्हणत होतो, तो खरं तर लांडग्याच्या जवळचा आहे. पण ते असो.) चित्रकारांना रंग दिसत नव्हता अशातला भाग नाही. काळा म्हणजे नाईलच्या पुरानंतर शेतात राहणारा गाळ, ज्यातून नवं पीक येतं. ते आपल्या देशालाच ‘केमेत’, म्हणजे काळी जमीन, म्हणत. तेव्हा थडग्यातला काळा कोल्हा हे जनावराचं चित्र नाही. त्यात ‘राखण’ आणि ‘पुन्हा उगवणं’ असे दोन शब्द जोडलेले आहेत.

मी स्वतःपुरती एक युक्ती करते. अशा चित्रात प्राणी दिसला की त्याला नाम न समजता क्रियापद समजायचं. हा कोण आहे, असं न विचारता इथे काय चाललंय असं विचारायचं.

शेणकिडा घ्या. आपल्याला किळस येईल असा जीव. तो शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेतो, आणि जमिनीत पुरलेल्या गोळ्यातून पुढे नवे किडे बाहेर येतात. इजिप्तच्या लोकांनी हे पाहिलं आणि रोज सकाळी आकाशात ढकलत वर आणला जाणारा सूर्य त्यांना त्यात दिसला. ‘होणं, अस्तित्वात येणं’ या अर्थाचं त्यांचं क्रियापद ‘खेपेर’ लिहिण्यासाठी याच किड्याचं चित्र वापरत. मी क्रियापद म्हणते ते इथे अक्षरशः खरं आहे. ममीच्या छातीवर दगडाचा असा किडा ठेवत, आणि त्याच्या सपाट बाजूवर एक मंत्र कोरलेला असे. त्यात मेलेला माणूस स्वतःच्याच हृदयाला विनवतो की न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. देवाची भीती असतेच, पण आपल्याला आतून ओळखणाऱ्या आपल्याच हृदयाची भीती जास्त. कुमसाराच्या रांगेत उभं राहिलेल्या कुठल्याही कॅथलिक मुला-मुलीला हे समजावून सांगायची गरज नाही.

घार घ्या. शवाच्या डोक्याशी आणि पायाशी इसिस आणि नेफ्थिस या दोघी बहिणी शोक करताना दाखवतात, आणि कितीदा त्या घारीच्या रूपात असतात. घारीची कर्कश, लांबत जाणारी किंकाळी ज्यानं ऐकलीये त्याला याचं कारण विचारावं लागणार नाही. इथे घार म्हणजे ‘हंबरडा फोडणं’.

‘बा’ घ्या. याला आपण ढोबळपणे आत्मा म्हणू. त्याचं शरीर पक्ष्याचं आणि डोकं माणसाचं. दिवसा तो थडग्याबाहेर उडतो, रात्री शरीराकडे परत येतो. म्हणजे दर वेळी माणसाच्या धडावर जनावराचं डोकं असतं असंही नाही. इथे माणूसच पक्षी झालाय, कारण सांगायचं आहे ते ‘ये-जा करणं’.

या सगळ्यांची एकत्र सभा बघायची तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला अनीचा पपायरस बघा (इंटरनेटवर सहज मिळतो). अनी हा लेखनिक होता. काळ इ.स.पू. १२५० च्या आसपासचा. तराजूच्या एका पारड्यात अनीचं हृदय, दुसऱ्यात सत्याची देवता मातचं पीस. कोल्ह्याच्या डोक्याचा अनुबिस तराजू नीट करतोय. तराजूवर बबून माकड बसलंय. बाजूला निकाल लिहून घेणारा थोथ उभा आहे, आणि त्याचं डोकं आयबिसचं, म्हणजे आपल्याकडच्या शराटीच्या कुळातल्या लांब बाकदार चोचीच्या पक्ष्याचं आहे. त्याच्या मागे अम्मित वाट पाहत बसली आहे. तिचं तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. नाईलकाठच्या माणसाचा जीव घेऊ शकणारी ही तीन जनावरं. हृदय खोटेपणानं जड निघालं तर ती ते गिळणार, आणि तो माणूस कायमचा संपणार. अम्मितची कुणी पूजा करत नव्हतं, तिचं देऊळ नव्हतं. ‘पूर्णपणे नाहीसं होणं’ ही कल्पना डोळ्यांसमोर उभी करायला तिला रचलं होतं.

त्यात आणखी एक बघा. थोथ कधी आयबिस असतो, कधी बबून. अनुबिस तुतनखामुनच्या थडग्यात पूर्ण कोल्हा आहे आणि अनीच्या पपायरसवर माणसाच्या धडाचा. हाथोर कुठे गाय, कुठे गायीच्या कानांची बाई, कुठे डोक्यावर शिंगं असलेली सुंदर स्त्री. देव खरोखर असाच दिसतो अशी त्यांची समजूत असती तर त्यांनी एक रूप पक्कं केलं असतं. एरिक हॉर्नुंग या इजिप्ततज्ज्ञानं १९७१ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला: ही रूपं म्हणजे देवांचे फोटो नाहीत, चित्रलिपीतल्या चिन्हांसारखी ती आहेत. लिपीचा हा संबंध वरवरचा नाही. त्या लिपीत घुबड म्हणजे ‘म’, शिंगवाला साप म्हणजे ‘फ’. ज्यांची अक्षरंच प्राण्यांची, त्यांची धर्मचित्रंही प्राण्यांत बोलली तर नवल काय?

ही अक्षरं त्यांना किती जिवंत वाटत याचा पुरावा तर थक्क करतो. काही पिरॅमिडांच्या आत, दफनाच्या खोलीतल्या भिंतींवर मंत्र कोरले आहेत. तिथे सिंहाचं अक्षर मधोमध तोडलेलं सापडतं, सापाचे तुकडे केलेले सापडतात. कारण? आत एकटा निजलेल्या माणसाला अक्षरानं इजा करू नये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक छोटा निळा पाणघोडा आहे, सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचा, मेर इथल्या थडग्यातला. त्याच्या अंगावर कमळं रंगवली आहेत, आणि लोक लाडानं त्याला ‘विल्यम’ म्हणतात. त्याचे तीन पाय पुरताना मुद्दाम मोडले होते असं मानतात (आज दिसतात ते नंतर जोडलेले आहेत). पुनर्जन्मासाठी पाणघोडा हवा, पण त्यानं मालकावर धावून जाता कामा नये. शब्दाला आणि प्रतिमेला इतकी ताकद आहे असं मानणाऱ्या लोकांना, साहित्य शिकणाऱ्या आपण अडाणी म्हणायचं?

आता जरा घरचं बोलू. आम्हा कॅथलिकांना तर या विषयावर हसायचा अधिकार अजिबातच नाही.

ममी करताना चार अवयव वेगळे काढून चार बरण्यांत ठेवत, आणि होरसचे चार मुलगे त्यांची राखण करत. यकृतासाठी माणसाच्या तोंडाचा, फुप्फुसांसाठी बबूनच्या, जठरासाठी कोल्ह्याच्या आणि आतड्यांसाठी ससाण्याच्या तोंडाचा. एक माणूस, तीन प्राणी. आता कुठल्याही जुन्या चर्चच्या रंगीत काचांकडे बघा. मत्तयसाठी माणूस, मार्कसाठी सिंह, लूकसाठी बैल, योहानसाठी गरुड. इथेही एक माणूस आणि तीन प्राणी. एकावरून दुसरं आलं असा माझा दावा नाही. आमचे चौघे यहेज्केल आणि प्रकटीकरणातून आले. मुद्दा एवढाच की चार शुभवर्तमानांच्या लेखकांना प्राण्यांची रूपं दिली म्हणून आम्हाला कुणी बैलपूजक म्हटलं तर आम्ही चिडू. दर रविवारी मिस्सात आम्ही ख्रिस्ताला कोकरू म्हणतो, पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात रंगवतो, संत रॉकच्या पायाशी कुत्रा ठेवतो. माझे हिंदू मित्रमैत्रिणी गणपतीसमोर हात जोडतात तेव्हा ते हत्तीची पूजा करतात असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि तसं ते नाहीच. मग हीच सूट इजिप्तला का नाही? तिथला भक्त आज वाद घालायला जिवंत नाही, एवढंच ना?

हसण्याची परंपरा जुनी आहे आणि त्यात आमचेही लोक आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत क्लेमेंट इजिप्तमध्येच, अलेक्झांड्रियात, राहत होता. त्यानं आपल्या एका ग्रंथात थट्टा केली आहे: देवळाचा मंडप बघावा तर भव्य, गाभाऱ्यावर सोन्याच्या कलाकुसरीचा पडदा, आणि पुजाऱ्यानं पडदा सारला की आत जांभळ्या गादीवर लोळणारं मांजर नाही तर मगर नाही तर साप. वाचताना हसू येतं, नाही म्हणत नाही.

पण साधारण त्याच काळात रोममध्ये, पॅलाटाइन टेकडीवरच्या एका भिंतीवर, कुणीतरी एक चित्र खरवडलं होतं. ते १८५७ साली सापडलं. क्रुसावर एक देह आहे, त्याला गाढवाचं डोकं, आणि समोर एक तरुण हात वर करून उभा. खाली ग्रीकमध्ये वेडंवाकडं लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. ख्रिस्ती लोक गाढवाच्या डोक्याची पूजा करतात अशी अफवा तेव्हा होतीच, तर्तुलियननं तिला लेखी उत्तर दिलं आहे. म्हणजे जो दगड आमच्या माणसानं इजिप्तवर फेकला, तोच त्याच सुमारास दुसऱ्या कुणी आमच्यावर फेकला. शेजारच्या एका खोलीत वेगळ्या हातानं लॅटिनमध्ये ‘अलेक्सामेनोस विश्वासू’ असं लिहिलेलंही पुढे सापडलं. ते कुणी लिहिलं, त्यानं स्वतः की मित्रानं, कळायला मार्ग नाही. पण दुसऱ्याच्या श्रद्धेवर हसायची लहर आली की ती भिंत डोळ्यांसमोर आणावी असं मला वाटतं.

इथवर वाचून कुणीतरी म्हणेल, ‘प्रतीकं वगैरे ठीक आहे गं, पण ते जिवंत बैल पाळायचे त्याचं काय? मांजरांच्या ममी करायचे त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही.

बैलाचं असं, की एपिस हा पवित्र बैल एका वेळी एकच असे. विशिष्ट खुणा बघून तो निवडत, आणि मेल्यावर सक्कारा इथल्या भुयारात प्रचंड दगडी शवपेटीत ठेवत. पण म्हणून बैलाची जातच पवित्र नव्हती. त्याच काळातल्या थडग्यांत मृताला अर्पण म्हणून बैलाचा पुढचा पाय कापून दिलेला दाखवतात. पूजा जनावराची नव्हती, एका निवडलेल्या जिवातून बोलणाऱ्या देवाची होती.

मांजरांचं आणि कुत्र्यांचं प्रकरण मात्र सुंदर नाही. इजिप्तच्या शेवटच्या काही शतकांत, तुतनखामुननंतर सातशे-आठशे वर्षांनी आणि पुढे, भाविकांनी देवाला प्राण्याची ममी वाहायची मोठी प्रथा पडली. आपण मेणबत्ती विकत घेतो तशी लोक ममी घेत. सक्काऱ्याच्या अनुबिसच्या भुयारांत जवळपास ऐंशी लाख प्राणी, बहुतेक कुत्री, ठेवले गेले असावेत असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतली कितीतरी पिल्लं जन्मून काही तास किंवा दिवसच झालेली होती. मांजरांच्या काही ममींच्या एक्स-रेमध्ये मान मुरगळलेली दिसते. मँचेस्टरच्या अभ्यासकांनी आठशेहून अधिक ममी तपासल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांशांत प्राण्याचं हाडच नव्हतं. आत होता चिखल, काटक्या, बोरू.

तेव्हा ‘क्यूट’वाल्यांनी जरा थांबावं. मांजरावर खरी माया करणारे तिथे होते. तिसऱ्या अमेनहोतेपचा मुलगा थुतमोस यानं आपल्या ‘ता-मिउ’ नावाच्या मांजरीसाठी चुनखडीची कोरीव शवपेटी करवली, ती कैरोत आहे. पण त्याच संस्कृतीत पुढे पिल्लं मारण्यासाठीच पाळली गेली. एक मोठं रूपक बाजारात आलं की त्याचं काय होतं, याचं हे उदाहरण आहे. ज्या कोल्ह्यानं एके काळी मरणाची भीती बोलून दाखवली, त्याच्या नावानं धंदा सुरू झाला. माझ्या मते यानं इजिप्त रानटी ठरत नाही, तसं निर्दोषही ठरत नाही. आणि आधुनिक जगानंही फार मान वर करू नये. १८९० साली इजिप्तमधून सुमारे १९ टन, म्हणजे अंदाजे १ लाख ८० हजार मांजरांच्या ममी लिव्हरपूलला आणल्या आणि खत म्हणून विकल्या. इजिप्तच्या माणसानं चूक असेल, बरोबर असेल, पण त्या मांजराकडून देवापर्यंत निरोप पोचेल असं मानलं होतं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानं त्यात हाडांची भुकटी पाहिली.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ‘प्राणिपूजा’ हा शब्द आपण लेखनातून आणि बोलण्यातून काढून टाकूया. तो काहीच समजावत नाही, उलट समजून घेणं थांबवतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारूया. हा प्राणी इथे काय करतोय? चित्रकारानं खऱ्या प्राण्यात कुठला बदल केलाय, आणि का? आणि या चित्रासमोर उभं राहणाऱ्या माणसाला भीती कशाची होती?

हे करायला कैरोलाच जायला हवं असं नाही. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधल्या संग्रहालयातही आहे. आपल्या मंडळातल्या अनेकांचे नातेवाईक या दोन शहरांत आहेत. सुट्टीत गेलात तर जरूर जा. ती ममी माणसाची आहे. आपल्या शरीराची आबाळ होऊ नये, आपलं हृदय आपल्यावर उलटू नये आणि रात्री परतायला जागा असावी, एवढंच त्या काळच्या माणसानं मागितलं, आणि ते मागायला त्याच्याजवळ कोल्हा, शेणकिडा आणि पक्षी हे शब्द होते. सेल्फी काढण्याआधी दोन मिनिटं ते वाचायचा प्रयत्न करा.